टर्बो डिझेलमध्ये इंधनाचा दाब कुठे पडतो? हाय प्रेशर पंप बदलण्याआधीची तपासणी

खंबाटकीचा चढ, तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला, आणि मध्येच गाडीतला जीव जातो. चेक इंजिनचा दिवा लागतो, काटा अडीच-तीन हजारांच्या वर सरकत नाही. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की गाडी पुन्हा शहाण्यासारखी पळते, पुढचा चढ येईपर्यंत. स्कॅनर लावला की पी ००८७ हा कोड निघतो आणि बऱ्याच गॅरेजांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "हाय प्रेशर पंप गेलाय."

कधीकधी तो खरंच गेलेला असतो. पण पी ००८७ चा अर्थ एवढाच, की ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे त्या कोडला ठाऊक नसतं. टाकीतल्या गाळापासून इंजेक्टरच्या झिजलेल्या व्हॉल्व्हपर्यंत कितीतरी कारणांनी हाच कोड येतो, आणि त्यांतल्या बऱ्याचशा कारणांचा खर्च पंपापुढे चिल्लर असतो. म्हणून तपासणी नेहमी टाकीकडून इंजिनाकडे न्यायची आणि मोजल्याशिवाय काहीही बदलायचं नाही. इथलं विवेचन कॉमन रेल टर्बो डिझेलचं आहे. पेट्रोल टर्बोचा हिशेब थोडा वेगळा असतो, तो शेवटी पाहू.

डिझेलचा रस्ता

टाकीतली जाळी, मग फीड पंप (काही गाड्यांत तो टाकीत असतो आणि विजेवर चालतो, काहींत हाय प्रेशर पंपच ओढून घेतो), मग फिल्टर, मग हाय प्रेशर पंप, रेल आणि इंजेक्टर. उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. टाकीत विजेचा पंप असेल तर फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाब साधारण ३.५ ते ६ बार असतो. रेलमध्ये मात्र आयडलला (पाय न दाबता इंजिन मंद चालताना) २५० ते ३५० बार, आणि पूर्ण पाय दाबल्यावर जुन्या पिढीत १,३५० ते १,६०० बार, नव्यांत त्याहूनही जास्त. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण १५० ते २०० बार जमल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. सेल्फ जोरात फिरतो पण गाडी लागत नाही, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथं असतं. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात. आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा आणि इथले आकडे अंदाजापुरते धरा.

दोन गोष्टी आधी

इंजिन चालू असताना रेल, हाय प्रेशर पाइप किंवा इंजेक्टरचा नट ढिला करायचा नाही. जुन्या डिझेलमध्ये नट ढिला करून "मिसिंग कुठलं", म्हणजे कुठला सिलिंडर पेट घेत नाही, ते शोधायचे. ती सवय इथे घातक आहे. ३०० बारची धार कातडीतून सरळ आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत ऊती सडायला लागतात आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालंच तर थेट मोठ्या रुग्णालयात जायचं आणि दाबाखालचं इंधन आत शिरलंय हे तिथे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा, बोट नको. इंजिन बंद केल्यावरही पाच मिनिटं थांबा, स्कॅनरवर रेलचा दाब शून्याजवळ आलेला बघा, मगच पाना लावा.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. पंप आणि इंजेक्टरमधल्या फटी केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असतात. जोड उघडण्याआधी ब्रश आणि हवेने साफ करा, उघडं तोंड लगेच टोपीने झाका, कापसाचे धागे सुटणारं फडकं वापरू नका. काढलेला हाय प्रेशर पाइप पुन्हा वापरू नका, नवा लावा, असं बहुतेक उत्पादक सांगतात. कारण त्याचं शंकूसारखं टोक एकदा आवळलं की दबून बसतं.

पायरी १: डिझेल आणि इतिहास

अवजारं बाहेर काढण्याआधी चार प्रश्न. फिल्टर शेवटचा कधी बदलला? त्रास टाकी भरल्यानंतर सुरू झाला का? चुकून पेट्रोल पडलं होतं का? आणि गाडीला ताकद वाढवणारा ट्यूनिंग बॉक्स लावलाय का? हा शेवटचा प्रश्न नवखे विसरतात. स्वस्तातले बरेच बॉक्स रेल सेन्सरच्या वायरमध्ये बसतात आणि दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असं ईसीयूला भासवतात, म्हणजे ईसीयू दाब वाढवतो. असा डबा असेल तर आधी काढा, मूळ सॉकेट जोडा आणि गाडी पुन्हा चालवून बघा. तो असताना स्कॅनरवरचा रेलचा आकडाच खोटा असतो, मग पुढची सगळी तपासणी वाया.

मग फिल्टरच्या खालच्या ड्रेन स्क्रूतून पाव लिटर डिझेल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, पावसाळ्यात तर हे हमखास बघावं. काळपट, शेवाळासारखा चिकट गाळ असेल तर टाकीत जिवाणू-बुरशी वाढली आहे. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून काम होत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. चांदीसारखी चमक दिसली तर ती धातूची आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालूच करू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोल ते धुऊन टाकतं.

फिल्टर जुना असेल किंवा कधी बदलला ते आठवत नसेल तर बदलून टाका. हा एकच भाग न मोजता बदलायला हरकत नाही. जुना मात्र फेकू नका, कापून आतला कागद उघडून बघा.

पायरी २: स्कॅनरवर मागणी आणि प्रत्यक्ष

गाडीच्या स्कॅनर-सॉकेटला लावायचा ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल आणि फोनवरचं अॅप यांत प्रत्यक्ष रेल दाब बहुधा दिसतो. ईसीयूने मागितलेला दाब बघायला जरा बरा स्कॅनर लागतो, आणि तो मिळवाच. कारण नुसता "रेल ७०० बार" हा आकडा काहीच सांगत नाही. ईसीयूने ७०० च मागितले असतील तर सगळं ठीक आहे, १,२०० मागितले असतील तर घोटाळा आहे. एककाची गफलत टाळा: १०० किलोपास्कल म्हणजे १ बार, १ मेगापास्कल म्हणजे १० बार. काही अॅप ३०,००० किलोपास्कल दाखवतात, तो आयडलचाच ३०० बार असतो.

पाच नोंदी करा:

१. रात्रभर उभ्या गाडीत, चावी चालू, इंजिन बंद. रेल शून्याजवळ हवी. ४०-५० बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग खोटं बोलतंय.
२. सेल्फ मारताना दाब किती आणि किती सेकंदांत चढला.
३. गार इंजिन, आयडल.
४. गरम इंजिन, आयडल.
५. मोकळ्या रस्त्यावर किंवा चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पूर्ण पाय, ३,५०० पर्यंत. फोनकडे चालवणाऱ्याने बघायचं नाही. शेजारी कुणाला तरी बसवा किंवा लॉग साठवून नंतर वाचा.

पाचव्या नोंदीत टर्बोचा दाबही लॉग करा, कारण टर्बो गाडीत गल्लत इथेच होते. स्कॅनरवरचा मॅनिफोल्ड दाब (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) निरपेक्ष असतो, म्हणजे त्यात हवेचा दाब धरलेला असतो. इंजिन बंद असताना मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास दिसेल, पुण्यात ९५ च्या, महाबळेश्वरात ८५-८६ च्या. पूर्ण पाय दाबल्यावर २०० ते २२० झाला तर टर्बो हवा देतोय. टर्बोची नळी फाटली किंवा इंटरकूलर गळू लागला की हवा कमी पडते, आणि धूर होऊ नये म्हणून ईसीयू डिझेलही कमी करतो. रेल दाबाची मागणी आपोआप खाली येते. गाडी तितकीच मरगळलेली वाटते, पण मागणी आणि प्रत्यक्ष हातात हात घालून चाललेले दिसतात. म्हणजे डिझेलचा दोष नाही, हवेच्या नळ्या तपासा. असल्या गाडीत कोडही बहुधा पी ०२९९ असतो. मागणी वर जाते, प्रत्यक्ष मागे राहतो आणि बूस्ट (टर्बोचा दाब) ठीक आहे, असं दिसलं तरच पुढच्या पायऱ्यांना अर्थ आहे.

मागणी आणि प्रत्यक्ष यांतल्या दरीचा आकारही बोलतो. आयडलला सगळं ठीक, पण आरपीएम वाढला की प्रत्यक्ष घसरतो, तेव्हा पंपाला डिझेल पुरत नाहीये: फिल्टर, फीड पंप, जाळी. आकडा सतत वर-खाली नाचतो तेव्हा हवा येतेय किंवा मीटरिंग व्हॉल्व्ह (हाय प्रेशर पंपात जाणारं डिझेल मोजून सोडणारा) अडकतोय. गार गाडी लगेच लागते, गरम गाडीला सेल्फ मारमार मारावा लागतो, तेव्हा इंजेक्टरच्या रिटर्नवर संशय घ्या. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून सहज निसटतं.

पायरी ३: कमी दाबाची बाजू

फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्यामध्ये टी-जोड घालून ० ते १० बारचा गेज लावा. टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीत चावी चालू करताच काटा मॅन्युअलमधल्या आकड्यावर जायला हवा आणि रेस दिल्यावर फारसा पडायला नको. आयडलला ४.५ आणि २,५०० आरपीएमला २ झाला तर पुढे जायची गरज नाही, कारण सापडलं. आता तोच गेज फिल्टरच्या आधी लावा. तिथे दाब टिकत असेल तर फिल्टर दोषी, तिथेही पडत असेल तर पंप किंवा टाकी. गेजची नळी केबिनमध्ये आणू नका. गेज काचेवर बाहेरून बांधायचा मोह झाला तर नळी वायपर आणि गरम भागांपासून दूर आहे ना, हे आधी बघा.

पंपाला दोष देण्याआधी त्याची वीज मोजा. पंप चालू असताना त्याच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला की बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्टहून जास्त फरक नको. ११ व्होल्ट मिळत असतील तर रिले, फ्यूजचा पाय किंवा चासीला बसवलेली अर्थ वायर गंजलेली असते. किनारपट्टीवरच्या गाड्यांत तर आधी अर्थच बघा.

टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याचं भोक) तुंबला असेल तर टाकीत निर्वात तयार होतो. तासभर चालवून गाडी मरगळली की टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" आवाजाने हवा आत ओढली गेली आणि गाडी पुन्हा पळाली, तर एक रुपया न घालवता निदान झालं.

ओढून घेणाऱ्या प्रणालीत गेज फार उपयोगाचा नाही, तिथे पारदर्शक नळी लागते. हाय प्रेशर पंपाच्या अगदी आधी हातभर पारदर्शक डिझेल नळी लावा आणि इंजिन चालवा. सुरुवातीचे चार बुडबुडे क्षम्य आहेत, पण दोन मिनिटांनीही बुडबुड्यांची माळ चालू असेल तर गाडी हवा घेतेय. इथे फसवणूक अशी की हवा आत घेणारा जोड बाहेर डिझेल गाळत नाही, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, क्विक कनेक्टरची तडकलेली क्लिप, हँड प्रायमरचा (हाताने दाबून डिझेल ओढायच्या पंपाचा) म्हातारा रबर, या क्रमाने बघा. पारदर्शक नळी एकेक जोड मागे नेत जायची. बुडबुडे जिथे थांबतात, त्याच्या पुढचा जोड गुन्हेगार.

फिल्टर किंवा नळी उघडल्यावर एअर काढल्याशिवाय सेल्फ मारू नका. हँड प्रायमर असेल तर तो हाताला कडक लागेपर्यंत दाबा, विजेचा पंप असेल तर चावी तीन-चार वेळा चालू-बंद करा. सेल्फ एका वेळी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती. कोरडा फिरवलेला हाय प्रेशर पंप स्वतःलाच खातो, आणि मग गॅरेजवाल्याचं ते ठरलेलं वाक्य खरं होतं.

पायरी ४: इंजेक्टरचा रिटर्न मोजणं

कमी दाबाची बाजू निर्दोष निघाली तर हाय प्रेशर पंपाकडे बोट दाखवण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे. पंप पुरेसं डिझेल देतोय, पण एखादा इंजेक्टर ते रेलमध्ये टिकू न देता रिटर्नला सोडतोय, असं फार होतं.

एक सावधगिरी: ही पद्धत सोलेनॉइड (विद्युतचुंबकावर चालणाऱ्या) इंजेक्टरसाठी आहे. पिझो (स्फटिकावर चालणाऱ्या) इंजेक्टरच्या बऱ्याच प्रकारांना रिटर्नमध्ये काही बारचा दाब असावा लागतो. त्यांची रिटर्न नळी उघडी सोडली तर ते नीट चालतच नाहीत आणि मोजमाप फसतं. आपले कुठले आहेत ते आधी पक्कं करा.

इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा, थांबा. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरच्या रिटर्न क्लिपा काढा आणि तिथे सारख्या लांबीच्या चार नळ्या जोडून एकसारख्या चार मापाच्या बाटल्यांत सोडा. बाटल्यांवर सिलिंडरचे क्रमांक लिहा. गाडीची मूळ रिटर्न नळी जिथून सुटली ते तोंड बंद करा, नाहीतर पंपाकडून येणारं रिटर्न तिथून उलटं वाहून गरम इंजिनावर सांडतं. आता तीन मिनिटं आयडल, एक मिनिट २,००० आरपीएम, आणि बंद.

किती मिलीलिटर आले यापेक्षा चौघांतली तुलना महत्त्वाची. १८, २०, १७ आणि ५५ असं निघालं तर चौथा इंजेक्टर काढून डिझेल लॅबच्या बेंचवर पाठवा. सगळेच ५० च्या घरात असतील तर चौघेही झिजलेत, आणि मग कारण बहुधा वय किंवा खराब डिझेल असतं. सगळ्यांचे थोडे आणि सारखे, तरीही रेल दाब कमी, असं असेल तर इंजेक्टर सुटले. गाडी लागतच नसेल तर दहा-दहा सेकंदांचे दोन-तीन सेल्फ मारा. निरोगी इंजेक्टर त्यात थेंबांपलीकडे काही सोडत नाही. ज्याची बाटली भरायला लागते तोच दाब खातोय.

रेलच्या टोकाला प्रेशर रेग्युलेटर किंवा रिलीफ व्हॉल्व्ह असेल तर त्याचा रिटर्नही वेगळ्या बाटलीत घ्या. रिलीफ व्हॉल्व्ह मर्यादेपर्यंत बंदच असायला हवा. सेल्फ मारताना त्यातून धार लागत असेल तर इंजेक्टर आणि पंप दोघेही निर्दोष असू शकतात.

इंजेक्टर नवा किंवा दुरुस्त केलेला बसवताना खालचा तांब्याचा वायसर नवाच घ्या. इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीयूत लिहा. हे काम आळसाने टाळलं की आयडलला थरथर आणि धूर राहतो, आणि दोष "डुप्लिकेट इंजेक्टर"वर जातो.

पायरी ५: सेन्सर आणि मीटरिंग व्हॉल्व्ह

रेल सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. दाब नसताना सिग्नल सुमारे ०.५ व्होल्ट, आयडलला १.२-१.३ च्या आसपास, कमाल दाबाला ४.५ कडे. सॉकेट काढून ५ व्होल्ट आणि अर्थ येतात का ते आधी बघा, मग सेन्सरला नावं ठेवा. सॉकेटमध्ये डिझेल किंवा ऑइल शिरलेलं असणं आणि वायर इंजिनाच्या कंसाला घासून सोललेली असणं, हे दोष सेन्सर बिघडण्यापेक्षा जास्त दिसतात.

मीटरिंग व्हॉल्व्ह हाय प्रेशर पंपावर बसतो आणि पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवतो. त्याच्या कॉइलचा रोध साधारण २ ते ४ ओहम निघतो. "चालू इंजिनात सॉकेट काढून बघ" हा सल्ला ऐकू नका. अनेक पंपांत वीज गेली की हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि दाब एकदम शिखराला जातो. इंजिन बंद असताना व्हॉल्व्ह काढा आणि त्याची जाळी पांढऱ्या कागदावर झटका. मळ असेल तर व्हॉल्व्ह अडकत असणार. चमचमणारी धातूची पूड असेल तर पंप आतून झिजतोय.

ही बातमी वाईट आहे आणि तिच्यावर स्वस्त उपाय नाही. ती पूड रेलमध्ये, पाइपांत, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नमार्गे टाकीतही पोचलेली असते. नुसता नवा पंप बसवला तर तीच पूड त्याला थोड्याच दिवसांत खाते. टाकी धुणं, नवा फिल्टर, नवे पाइप, रेलची सफाई किंवा बदल, इंजेक्टरची बेंचवर तपासणी, हे सगळं एकत्र करायचं.

पूड नाही, फीड ठीक, रिटर्न ठीक, सेन्सर-वायरिंग ठीक, मीटरिंग व्हॉल्व्हही ठीक, आणि तरीही दाब चढत नाही. आता पंपाचं नाव घ्यायला हरकत नाही. त्याची खरी परीक्षा रेलकडचा मार्ग खास गेज आणि प्लगने बंद करून सेल्फवर किती दाब उभा राहतो ते बघण्याची असते. ते काम डिझेल लॅबचं आहे, घरी जुगाड करून करायचं नाही.

पेट्रोल टर्बो असेल तर

जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियातल्या १.८ टी सारख्या इंजिनांत रेलवरच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून आलेली एक बारीक नळी असते. टर्बो गाडीत ही नळी फार महत्त्वाची. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये फवारतो, आणि तिथला दाब बूस्टमुळे वाढला की रेलचा दाबही तेवढाच वाढायला हवा. मूळ दाब ३ बार आणि बूस्ट ०.८ बार असेल तर रेल ३.८ हवी. नळी तडकली असेल तर रेल ३ वरच राहते आणि इंजेक्टरच्या वाट्याला प्रत्यक्षात २.२ बारच येतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने पेट्रोल सुमारे १४ टक्के कमी पडतं, तेही नेमकं पूर्ण लोडला. मिश्रण कोरडं होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसणं) सुरू होतं, आणि ते चालू ठेवलं तर पिस्टन जातो. तपासणी सोपी: आयडलला गेज साधारण २.५ दाखवेल, नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद केलं की ३ वर चढायला हवा. चढला नाही तर रेग्युलेटर किंवा नळी बघा. काढलेल्या नळीत पेट्रोल सापडलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. बहुतेक नव्या गाड्यांत ही नळी नसते, रेग्युलेटर टाकीत असतो आणि हिशेब ईसीयू करतो.

डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्ये पुन्हा दोन बाजू येतात: टाकीकडून ४ ते ६ बार, आणि कॅमवर चालणाऱ्या पंपानंतर आयडलला ५० च्या आसपास, लोडला १५० ते २०० किंवा जास्त. क्रम डिझेलसारखाच. इंजिन ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा सील आतून गळतोय का ते आधी बघा.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा, गळती पुठ्ठ्याने तपासा, आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पाचवी नोंद पुन्हा करा. जुना लॉग शेजारी ठेवला की मागणी आणि प्रत्यक्ष यांतली दरी मिटली का ते लगेच दिसतं. टाकी धुतली असेल तर हजार किलोमीटरनंतर नवा फिल्टरही एकदा उघडून बघा. कोपऱ्यात राहिलेला गाळ तोवर तिथे येऊन बसलेला असतो.